कॅव्हेंडिशचे ३५ टप्पे: एखादा स्प्रिंटर हा विक्रम मोडू शकेल का?

चाकोरी

३ जुलै २०२४ रोजी सें-व्युल्बा गावातल्या रस्त्यावर मार्क कॅव्हेंडिशने टूर द फ्रान्समधला आपला ३५ वा टप्पा जिंकला आणि एडी मर्क्सचा ३४ टप्प्यांचा विक्रम मागे पडला. मर्क्सने आपला शेवटचा टप्पा १९७५ मध्ये जिंकला होता. म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षं तो आकडा जागचा हलला नव्हता. कॅव्हेंडिश तेव्हा ३९ वर्षांचा होता. ती शंभरएक मीटरची धाव मी किती वेळा पाहिली असेल, मोजलेलं नाही.

आता प्रश्न असा की पुढे काय? यास्पर फिलिप्सनच्या नावावर २०२५ पर्यंत टूरमधले १० टप्पे आहेत. टिम मेर्लिये ३ वर आहे. जोनाथन मिलान २०२५ मध्ये पहिल्यांदाच टूरला आला, २ टप्पे जिंकला आणि गुणांच्या क्रमवारीतली हिरवी जर्सी घेऊनच परतला. बिनियम गिरमायने २०२४ मध्ये ३ जिंकले. यांच्यापैकी, किंवा यांच्यामागून येणाऱ्यांपैकी, कुणी ३६ पर्यंत पोहोचेल का?

माझं मत आधीच सांगतो. फिलिप्सनला संधी आहे असं मला वाटतं. तुम्हाला काय वाटतं?

निवांत

मी सायकल शर्यतींमध्ये अगदी नवीन आहे, म्हणून मूळ शंका विचारते. टूर तर एकूण वेळेवर जिंकतात ना? मग टप्पे जिंकणारे वेगळे कसे?

चाकोरी

@निवांत, टूरमध्ये २१ टप्पे असतात. सगळ्या टप्प्यांची मिळून वेळ ज्याची कमी, त्याला पिवळी जर्सी. पण प्रत्येक टप्प्याचा स्वतःचा विजेता असतो. सपाट टप्प्यांवर सगळा जथा, म्हणजे पेलोटॉन, एकत्रच शेवटाकडे येतो आणि शेवटच्या दोन-अडीचशे मीटरमध्ये जे जीव तोडून धावतात ते स्प्रिंटर. घाटात हेच लोक सगळ्यात मागे असतात. म्हणून एकूण क्रमवारीत ते कुठेच दिसत नाहीत, आणि टप्पा हेच त्यांचं सर्वस्व असतं.

घाटरस्ता

माझं थोडं वेगळं मत आहे. ३५ आणि ३४ या आकड्यांची तुलनाच मला पटत नाही. मर्क्सने डोंगरात जिंकले, टाइम ट्रायलमध्ये (एकेकट्याने घड्याळाविरुद्ध) जिंकले, सपाटीवर जिंकले, आणि वर पाच वेळा टूरही जिंकली. १९७० मध्ये एकाच टूरमध्ये ८, पुन्हा १९७४ मध्ये ८. कॅव्हेंडिशचे सगळे ३५ घोळक्यातल्या धावेतले. विक्रम मोडला हे खरं, पण वजन सारखं नाही.

वाऱ्याआड

@घाटरस्ता, वजन सारखं नाही हे मान्य, पण तराजू दोन्ही बाजूंनी धरू या. मर्क्सच्या काळात एका दिवसाचे दोन तुकडे करून दोन टप्पे घ्यायचे आणि दोन्ही मोजायचे. प्रोलोग, म्हणजे सुरुवातीची छोटी टाइम ट्रायल, तोही मोजला जाई. १९७०, १९७२ आणि १९७४ चे प्रोलोग मर्क्सनेच जिंकले होते. आणि तो पिवळ्या जर्सीसाठी लढत असल्यामुळे अख्खा संघ त्याच्याच दिमतीला. स्प्रिंटरचं तसं नसतं. घाटात संघ त्याला सोडून नेत्याबरोबर पुढे जातो.

शिवाय सपाट टप्पा सोपा असतो हा समज मला अजिबात मान्य नाही. डोंगरात शेवटच्या किलोमीटरला पाच-सहा जण उरतात. सपाटीवर दीडशेहून जास्त जण उरलेले असतात, आणि त्यातल्या पंधरावीस जणांना खात्री असते की आज आपणच.

मागचंचाक

वाऱ्याआड यांच्याशी सहमत. मी हौशी गटात बरीच वर्षं सायकल चालवतोय. आमच्या दर आठवड्याच्या फेरीत शेवटच्या खांबापर्यंत धाव लागते. पुढच्याच्या चाकामागे असेपर्यंत वाटतं की पायात भरपूर जोर शिल्लक आहे. बाजूला येऊन वाऱ्याला तोंड दिलं की दहा सेकंदात कळतं किती शिल्लक होता ते. पन्नास मीटर लवकर बाहेर पडलो की संपलो, पन्नास मीटर उशीर झाला की पुढचे दोघे खिळ्यासारखे एकमेकांना चिकटलेले, मधून वाटच नाही. आम्ही आठ जण असतो आणि वेग ताशी ४५ च्या वर क्वचितच जातो. हे लोक ७० च्या आसपास हाच निर्णय घेतात, खांद्याला खांदा घासत. त्या एका क्षणाचा अंदाज सोळा वर्षांत ३५ वेळा बरोबर येणं म्हणजे काय, हे मला माझ्या त्या खांबामुळे कळलं.

आकडेमोड

वयाप्रमाणे आकडे मांडून पाहिले. त्या त्या वयाची टूर संपली तेव्हाचे टप्पे:

कॅव्हेंडिश २४ व्या वर्षी (२००९): १०
मिलान २४ व्या वर्षी (२०२५): २
कॅव्हेंडिश २७ व्या वर्षी (२०१२): २३
फिलिप्सन २७ व्या वर्षी (२०२५): १०

फिलिप्सनला ३६ साठी आणखी २६ हवेत. वर्षाला ३ धरले तरी नऊ टूर लागतात. म्हणजे वय ३६, आणि मध्ये एकही वर्ष कोरडं जाता कामा नये. २०२५ मध्येच पाहा, लीलला पहिला टप्पा जिंकून पिवळी जर्सी घातली आणि तिसऱ्या टप्प्यावर वाटेतल्या गुणांसाठीच्या स्प्रिंटला पडून कॉलरबोन मोडून घरी. सॉरी चाकोरी, मला तरी जमेलसं वाटत नाही.

चाकोरी

@आकडेमोड, सॉरी कशाला, याचसाठी धागा काढला. पण कॅव्हेंडिशची वर्षंही कोरडी गेलीच की. २०१४, २०१७, २०१८ आणि २०२३ या चार टूरमध्ये त्याला एकही टप्पा मिळाला नाही. २०१९, २०२० आणि २०२२ ला तर तो टूरमध्येच नव्हता. तरी ३५ झालेच.

आकडेमोड

झाले, कारण २००८ ते २०११ या चार वर्षांत ४, ६, ५ आणि ५ असे २० जमा होते. पुढची सगळी वर्षं त्या शिल्लकीवर उभी आहेत. फिलिप्सनची सगळ्यात मोठी टूर २०२३ ची, ४ टप्पे. पाच-सहाची टूर त्याला अजून मिळालेली नाही.

तिसरा_गिअर

आणि ती पाच-सहाची टूर आता कुणालाच मिळणं अवघड का झालंय, यावर जरा सविस्तर लिहितो, कारण माझ्या मते खरी गोम इथेच आहे.

२००९ ते २०११ चा कॅव्हेंडिशचा एचटीसी संघ आठवा. शेवटच्या दहा किलोमीटरला एकाच जर्सीची रांग समोर यायची. टोनी मार्टिन, बर्नहार्ड आयझेल, आणि सगळ्यात शेवटी मार्क रेनशॉ. वेगच इतका ठेवायचे की मागून कुणाला बाजूने येता येऊ नये. रेनशॉ सुटला की दोनशे मीटर उरलेले आणि कॅव्हेंडिश ताजातवाना. २००९ ला शाँझेलिझेवर तर पहिला कॅव्हेंडिश आणि दुसरा रेनशॉ!

आज तशी ट्रेन उभीच राहत नाही. एक तर २०१८ पासून संघात नऊऐवजी आठच जण. त्यातले पाच-सहा पिवळ्या जर्सीच्या दावेदारासाठी लागतात. मग स्प्रिंटरला उरतात दोन किंवा तीन. दुसरं म्हणजे शेवटच्या पाच किलोमीटरला फक्त स्प्रिंटरांचे संघ पुढे नसतात. एकूण क्रमवारीवाले संघही अपघात टाळायला पुढेच घुसतात. रस्ता तेवढाच आणि गर्दी दुप्पट.

तिसरं, मार्ग. पॅरिसचा शेवटचा टप्पा म्हणजे स्प्रिंटरांचा हक्काचा. कॅव्हेंडिशने तो २००९ ते २०१२ असा सलग चार वेळा जिंकला. २०२४ मध्ये ऑलिंपिकमुळे टूर नीसला संपली, तीही टाइम ट्रायलने. २०२५ मध्ये पॅरिसला परत आली, पण माँमार्त्रचा चढ तीनदा घातला आणि व्हाउट व्हान आर्टने शेवटच्या चढावर पिवळ्या जर्सीतल्या पोगाचारला मागे टाकून टप्पा नेला. खरे स्प्रिंटर तेव्हा कुठेच नव्हते. अशी वर्षाला एक-एक संधी कमी होत गेली तर दहा वर्षांत किती गेल्या, हिशेब करा.

पहाटफेरी

मी नुसती वाचत होते, पण माँमार्त्रचं नाव आलं म्हणून लिहिते. तो टप्पा पाहायला मला फार आवडला! पाऊस, दगडी फरसबंदी, दोन्ही बाजूंना माणसंच माणसं. स्प्रिंटरांवर अन्याय झाला असेल, पण संध्याकाळ सुंदर होती.

तिसरा_गिअर

@पहाटफेरी, सुंदर होतीच. मीही जागचा हललो नाही. तरी मन त्या मिलानकडे जात होतं. हिरवी जर्सी अंगावर आहे, आणि पॅरिसमध्ये धावच नाही.

सुसाट

विक्रम तर इटालियन स्प्रिंटर चिपोलिनीचा मोठा ना? टूरमध्ये ४२?

वाऱ्याआड

@सुसाट, ४२ हे जिरो द'इटालियातले, म्हणजे इटलीच्या अशाच शर्यतीतले. २००३ मध्ये त्याने आल्फ्रेदो बिंदाचा ४१ चा विक्रम मोडला. बिंदाचा विक्रम तर १९३३ पासून उभा होता. टूरमध्ये चिपोलिनीचे १२ टप्पे आहेत, त्यातले चार १९९९ मध्ये सलग. गंमत म्हणजे तो एकदाही टूर पूर्ण करून पॅरिसला पोहोचला नाही. डोंगर दिसू लागले की स्वारी माघारी.

आणि व्हुएल्टाचा, म्हणजे स्पेनच्या शर्यतीचा, विक्रम देलिओ रोद्रिगेसचा, ३९ टप्पे, १९४० च्या दशकातले. १९४१ च्या एकाच व्हुएल्टात त्याने १२ जिंकले होते.

घाटरस्ता

बिंदाचं नाव काढलंत म्हणून सांगतो. १९२७ च्या जिरोत १५ पैकी १२ टप्पे एकट्याने जिंकले. १९३० मध्ये आयोजकांनी त्याला पैसे देऊन घरी बसवलं, कारण तो आला की शर्यतीत रसच उरत नसे. भाग न घेण्याचे पैसे! मला असे गडी आवडतात. डोंगर आणि सपाटी दोन्ही.

सुसाट

धन्यवाद @वाऱ्याआड, माझी गल्लत झाली. मग जिरोचा ४२ चा विक्रम तरी कुणी मोडेल का? तिथे गर्दी कमी असते ना?

आकडेमोड

तो तर टूरपेक्षाही लांब आहे. अलेस्सांद्रो पेताक्कीने २००४ च्या एका जिरोत ९ टप्पे जिंकले, तरी कारकिर्दीत ४२ च्या जवळपासही गेला नाही. कॅव्हेंडिशचे जिरोतले १७ आहेत. मिलान इटलीचा, त्याचे २०२३ आणि २०२४ मिळून ४. पण चांगला स्प्रिंटर झाला की संघ त्याला टूरला नेतो. चिपोलिनीसारखं वर्षानुवर्षं जिरोलाच वाहून घेणारं आता कोण आहे?

पहाटफेरी

सगळे पुरुषांचंच बोलताय. मारियान व्होसचे इटलीच्या जिरोत ३० हून जास्त टप्पे आहेत. आणि व्होस नुसती स्प्रिंटर नाही, घाटरस्ता यांना आवडेल अशी, डोंगर आणि सपाटी दोन्ही. लोरेना विबेस मात्र निखळ स्प्रिंटर. महिलांची टूर द फ्रान्स आताच्या रूपात २०२२ ला सुरू झाली, तेव्हापासून २०२५ पर्यंत विबेसचे ५ टप्पे झालेत, आणि ती टूर जेमतेम आठ-नऊ टप्प्यांची असते. 'एखादा स्प्रिंटर विक्रम मोडेल का' असं विचारलंत ना? मला तर तिथेच विक्रम घडताना दिसतोय.

घाटरस्ता

@पहाटफेरी, व्होसबद्दल शंभर टक्के मान्य. तिच्यापुढे मी तराजू वगैरे काही काढणार नाही.

चाकोरी

खरंच, मी शीर्षकात फक्त ३५ चा विचार केला होता. पहाटफेरी, विबेसवर एक वेगळा धागा काढा ना. पहिला प्रतिसाद माझा.

धडक_ब्रेक

एक मुद्दा राहिला. वेळमर्यादा. दर टप्प्याला विजेत्याच्या वेळेवर ठरावीक टक्के वाढवून मर्यादा काढतात. त्यानंतर जो पोहोचेल तो बाद. टप्पा किती अवघड आणि विजेत्याचा वेग किती, यावर टक्के ठरतात. पोगाचारसारखा कुणी डोंगरात पेटला की मर्यादाही आवळते.

२०१८ मध्ये ला रोझिएरच्या टप्प्याला कॅव्हेंडिश, रेनशॉ आणि मार्सेल किटेल, तिघेही एकाच दिवशी बाद झाले. २०२१ मध्ये तीन्यच्या चढावर पावसात, थंडीत कॅव्हेंडिश जेमतेम दीड मिनिट राखून आत आला. ते दीड मिनिट नसतं तर त्यानंतरचे वालान्सचे आणि कार्कासोनचे टप्पे नाहीत, म्हणजे ३४ ची बरोबरी नाही, म्हणजे पुढचं काहीच नाही. त्या दिवशी त्याच्या संघातले गडी त्याला सोबत करत मागे थांबले होते. टीव्हीवर ते फारसं दिसत नाही. पण माझ्यासाठी ३५ मधला तोही एक टप्पा आहे, कुणी न मोजलेला.

मागचंचाक

@धडक_ब्रेक, काय आठवण काढलीत! किटेलचंही पाहा ना. १४ टप्पे, अफाट ताकद, २०१७ ला एका टूरमध्ये ५. आणि २०१९ मध्ये ३१ व्या वर्षी निवृत्त. थकलो, आता हे आयुष्य नको, म्हणून स्वतःहून थांबला. त्या १४ वर पोहोचायलाही फिलिप्सनला अजून ४ हवेत.

वाऱ्याआड

आणि पडणं. २०२० मध्ये पोलंडच्या शर्यतीत काटोवित्सला उतारावरच्या स्प्रिंटमध्ये फाबिओ याकोबसेन कठड्यातून पलीकडे फेकला गेला, मरता मरता वाचला. दोन वर्षांनी त्याने टूरचा टप्पा जिंकला, तेव्हा मी रडलो होतो. सांगायचं इतकंच की ज्याला ३६ हवेत त्याला दहा-बारा वर्षं रोज या घोळक्यात शिरायचंय, आणि दर वेळी हातपाय शाबूत ठेवून बाहेर यायचंय. कॅव्हेंडिश २०१४ ला हॅरोगेटला, आईच्या गावी, पहिल्याच दिवशी पडला. २०१७ ला विटेलला खांद्याचं हाड मोडलं. २०२३ ला बोर्दोला दुसरा आला, धावेत साखळीने दगा दिला, आणि दुसऱ्याच दिवशी लिमोझच्या वाटेवर कॉलरबोन मोडला. वर आजारपण, नैराश्य. त्यातून उठून परत आला. पायांतला वेग पुष्कळांकडे आहे. असा माणूस पुन्हा कधी येईल ते मला सांगता येत नाही.

आकडेमोड

आता मूळ प्रश्नाला थोडा वळसा देतो. ३५ धोक्यात आहे, पण स्प्रिंटरांकडून नाही.

२६ व्या वर्षीची टूर संपली तेव्हा:

मर्क्स (१९७१): १८
कॅव्हेंडिश (२०११): २०
तादेय पोगाचार (२०२५): २१

पोगाचारने सहा टूरमध्ये २१ घेतले. त्याचा करार २०३० पर्यंत आहे, म्हणजे आणखी पाच टूर. दर टूरला ३ धरले तर १५. २१ आणि १५ किती होतात, बघा.

सुसाट

३६!!!

घाटरस्ता

मी सुरुवातीपासून हेच म्हणत होतो. डोंगर जिंकणाराच मोडेल.

तिसरा_गिअर

@घाटरस्ता, तुम्ही म्हणत होता की ३५ ला वजन कमी :)

पण हिशेब चोख आहे. मात्र पोगाचारला पिवळी जर्सी आधी, टप्पे नंतर. २०२५ मध्ये शेवटच्या आठवड्यात तो स्पष्ट थकलेला दिसत होता, चार टप्पे खिशात असताना जोखीम घेतली नाही. वय वाढेल तशी ही काटकसर वाढेल. ३० पर्यंत जाईल, कदाचित ३२. त्यापुढे मला शंका आहे. बर्नार इनो पाच टूर जिंकूनही २८ वरच थांबला.

चाकोरी

सगळं वाचलं, काही प्रतिसाद दोनदा वाचले. माझं मत बदललंय हे सांगायला हवं. सुरुवातीला फिलिप्सनला संधी आहे म्हणालो होतो. आकडेमोड आणि तिसरा_गिअर यांनी ते खोडलं. मी वेगच पाहत होतो. आठ जणांचे संघ, घटलेले सपाट टप्पे, एकाच ट्रेनची सद्दी संपणं, हे सगळं मिळून आज कॅव्हेंडिशच पंचविशीचा होऊन परत आला तरी त्याला चार वर्षांत २० मिळतील असं आता वाटत नाही. फिलिप्सन १८-२० पर्यंत गेला तरी मी त्याला थोर म्हणेन. मिलान मात्र अजून पंचविशीचा आहे आणि त्याचा संघ त्याच्यामागे उभा राहतो. तो ३६ पर्यंत पोहोचणार नाही, पण मी बघत राहणार.

मागचंचाक

@चाकोरी, १८-२० म्हणजे किटेल, झाबेल, मॅक्युअन, सगळे मागे. त्याला थोर म्हणायला काहीच हरकत नाही.

निवांत

परत आले. तुम्ही सगळ्यांनी लिहिलेलं वाचून आज सें-व्युल्बाचा शेवट पाहिला. एक शंका आहे. रेषा ओलांडल्यावर त्याच्याभोवती इतक्या वेगवेगळ्या रंगांच्या जर्सी का दिसतात? ते तर हरलेल्या संघांचे लोक ना?

वाऱ्याआड

हो, हरलेलेच. एकेक जण थांबून त्याला मिठी मारून जात होता. पोगाचारही आला होता. त्यातले बरेच जण शाळेत होते, जेव्हा कॅव्हेंडिशने २००८ मध्ये शातोरूला पहिला टप्पा जिंकला.

निवांत

मग आता शातोरू पाहते.

चाकोरी

शातोरू तीनदा पाहा, २००८, २०११ आणि २०२१. तिन्ही वेळा तोच. आणि २०२१ चा शेवटी ठेवा.